निकालानंतरचा दावा

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नघरी जेवणे आटोपल्यावर अंगणात नेहमीप्रमाणे जमिनीचा विषय निघाला. आपल्याकडे चार माणसे जमली की पूर्वी केळीच्या भावाची चर्चा होई, आता गुंठ्याच्या भावाची होते. आणि गुंठ्याच्या भावामागोमाग कोर्टाची तारीख येतेच. तेथे एका वयस्क, शिकलेल्या गृहस्थांनी आपले मत ठासून मांडले. न्यायालयाचे दार कोणालाही बंद असता कामा नये, एकदा हरला म्हणून माणसाने गप्प का बसावे, नवा कागद सापडला किंवा नवा वकील मिळाला तर नवा दावा लावण्याचा त्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. भोवतालच्या पाचसहा जणांनी माना डोलावल्या. यजमानांच्या अंगणात वितंडवाद नको म्हणून मी काही बोललो नाही. येथे मात्र तो संकोच पाळण्याचे कारण नाही. ते मत चुकीचे आहे, घातकही आहे, आणि आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत ते व्यवहारचातुर्य म्हणून खपते, हे त्याहून वाईट आहे.

ज्या विषयावर, ज्या पक्षकारांत, योग्य न्यायालयाने पुरावा ऐकून अखेरचा निर्णय दिला, तो विषय त्याच पक्षकारांना किंवा त्यांच्याकडून हक्क सांगणाऱ्यांना पुन्हा उकरता येणार नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ११ सांगते. वकील मंडळी याला 'रेस ज्युडिकाटा' म्हणतात. मराठीत त्याला 'प्राङ्न्याय' असा जुना आणि नेमका शब्द आहे. हे कलम केवळ निर्णय झालेल्या मुद्द्यांपुरतेही नाही. जो मुद्दा पहिल्या दाव्यात मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तोही मांडला गेला आणि निर्णीत झाला असेच धरले जाते. त्याच संहितेत आणखी कुंपणे आहेत. एका कारणातून निघणारी सर्व मागणी एकाच दाव्यात केली पाहिजे; दावा न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेतला तर तोच पुन्हा लावता येत नाही; प्रतिवादी हजर असताना वादी गैरहजर राहिल्यामुळे दावा निकाली निघाला, तर तोच दावा पुन्हा उभा करण्याचा अर्ज करावा, नवा लावता येत नाही; तडजोडीने झालेला हुकूमनामा बेकायदा होता म्हणून तो रद्द करून मागणारा निराळा दावा चालत नाही. म्हणजे त्या गृहस्थांना जो हक्क वाटतो, तो कायद्याने निदान शंभर वर्षांपूर्वीच नाकारलेला आहे.

कोणी म्हणेल, ही इंग्रजांची देणगी. तसेही नाही. आपल्याकडच्या धर्मशास्त्रकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले, त्यांतला एक प्राङ्न्याय हाच होता: 'या वादीला मी याच विषयात पूर्वी जिंकले आहे.' जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे ते पुढे हे उत्तर देता यावे म्हणूनही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वतनाचा किंवा शेताच्या शिवेचा तंटा बसे तेव्हा दोन्ही बाजू निवाडा मान्य करू असा राजीनामा आधी लिहून देत. आणि हरलेला पक्ष निकालानंतर येजितपत्र लिहून देई, की मी हरलो, यापुढे या गोष्टीस माझा वाद नाही. हा शेवटचा कागद मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते, राजवट बदलली की जुने तंटे पुन्हा जिवंत होत, हेही खरे. पण हरलेल्याच्या हातून हार लिहून घेणे ही मानवी स्वभावाची जाण होती. आजच्या हुकूमनाम्यावर न्यायाधीशांची सही असते, शिक्का असतो. हरलेल्याची सही मात्र कुठेच नसते.

मग कायदा असताना दावे पुन्हा कसे लागतात? हे ज्यांनी भोगले त्यांना विचारावे. मी त्यांपैकी एक आहे, म्हणून घरचेच सांगतो. नावे घेण्याचे प्रयोजन नाही. वसई तालुक्यात आमची अकरा गुंठ्यांची वाडी आहे, विहीर आणि जुन्या बावखलाच्या काठासह. भाऊबंदांपैकी एकाने ती आपली म्हणून १९७३ साली दावा लावला. निकाल १९८४ साली वडिलांच्या बाजूने लागला. जिल्हा न्यायालयाने तो कायम केला, उच्च न्यायालयाने १९९६ साली दुसरे अपील फेटाळले. तेवीस वर्षे गेली, पण निदान प्रश्न संपला असे आम्हांला वाटले. २००१ साली त्याच भाऊबंदाच्या मुलाने नवा दावा लावला. या वेळी मालकीचा शब्द नव्हता. विहिरीकडे जाणारी वाट आपल्या वहिवाटीची आहे, सबब मनाई हुकूम मिळावा, एवढीच मागणी. ही वाट आमच्या अकरा गुंठ्यांतूनच जाते आणि तिचा मुद्दा पहिल्या दाव्यात साक्षीपुराव्यासह तपासला गेला होता. हे न्यायालयाला पटले, परंतु पटायला दहा वर्षे लागली. दावा २०११ साली फेटाळला गेला. वडील तेव्हा हयात नव्हते. २०१६ साली तिसरा दावा आला, तो एका परक्या खरेदीदाराचा: त्या मुलाने स्वतःच्या नसलेल्या जमिनीचे खरेदीखत करून दिले होते, आणि खरेदीदार म्हणत होता, आधीच्या निकालाशी माझा काय संबंध? संबंध अर्थातच आहे. हरलेल्याकडून जो घेतो तो हरलेल्याचाच हक्क घेतो. कलम ११ मध्ये 'त्यांच्याकडून हक्क सांगणारे' हे शब्द त्याच्याचसाठी आहेत. पण हे सिद्ध करायला आम्हांला पुन्हा वकीलपत्र, पुन्हा कैफियत, पुन्हा साक्ष. तो दावा अजून चालू आहे.

यात काही विशेष नाही, हेच मला सांगायचे आहे. वाट, पाणी, बांध, झाड, कुंपण, हिस्सा नंबर: एकाच जमिनीला सहा बाजूंनी हात घालता येतो आणि प्रत्येक वेळी दाव्याचे शीर्षक निराळे ठेवता येते. कधी वादी बदलतो, कधी कुलमुखत्यार उभा राहतो, कधी नुसता मनाईचा दावा हरल्यावर मालकी ठरवून मागणारा दावा येतो. बंगळुरूच्या एका घराच्या प्रकरणात बापाविरुद्धचा घर खाली करण्याचा आदेश उच्च न्यायालयापर्यंत कायम झाला, तेव्हा मुलाने तो कपटाने मिळवल्याचे सांगत नवा दावा लावला. १९७७ साली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर जे लिहिले ते वकिलांत आजही प्रसिद्ध आहे. असला दावा पहिल्याच दिवशी ओळखावा, वादपत्र अर्थपूर्ण रीतीने वाचावे, वादीला समोर उभे करून प्रश्न विचारावेत आणि दावा तेथेच संपवावा, असा त्यांचा आशय होता. १९९८ साली त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. कलम ११ तंतोतंत लागू पडत नसले तरी निर्णीत प्रश्न पुन्हा चालवणे हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरू शकतो, असे सांगितले.

आता अडचण पाहा. जो दावा कायद्याने चालूच शकत नाही तो दारातच परतवण्याची सोय संहितेच्या सातव्या आदेशात, नियम ११ मध्ये, आहे. परंतु त्या टप्प्यावर न्यायाधीशांनी फक्त वादपत्र वाचायचे असते, आणि आपण आधी हरलो हे वादी वादपत्रात कशाला लिहील? २०२१ साली बेळगावच्या एका मिळकतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्राङ्न्यायाचा आक्षेप ठरवायला आधीच्या दाव्याचे वादपत्र, कैफियत, मुद्दे आणि निकाल हे सारे तपासावे लागते. म्हणून साधारणतः तो आक्षेप या नियमाखाली ठरवता येणार नाही. तर्कशुद्ध आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण त्याचा परिणाम काय होतो? ज्याला दावा सुरूच होऊ नये असे संरक्षण कायद्याने दिले, त्याला ते संरक्षण मागण्यासाठी दावा चालवावा लागतो. ढाल दिली आहे, मात्र ती घाव बसल्यावर हाती येते.

आणि घाव घालणाऱ्याला किंमत काय पडते? खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देण्याची तरतूद संहितेच्या कलम ३५-अ मध्ये आहे. तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये. ती १९७६ च्या दुरुस्तीने एक हजारावरून वाढवलेली आहे, आणि त्यानंतर वसईत गुंठ्याचा भाव काय झाला हे वाचकांना सांगायला नको. २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा आला तेव्हा मोठ्या व्यापारी तंट्यांसाठी ही मर्यादा काढून टाकली गेली. कंपन्यांना त्रासदायक दाव्याची खरी भरपाई मिळू शकते. वाडीवाल्याला तीन हजारांवर पैही नाही. हा भेद कोणत्या न्यायबुद्धीने केला हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. आमच्या दुसऱ्या दाव्यात पंधराशे रुपये खर्चापोटी देण्याचा हुकूम झाला. ते वसूल करण्यासाठी निराळी दरखास्त करावी लागली असती, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

सवयीने दावे लावणाऱ्या माणसाविरुद्ध महाराष्ट्रात १९७१ सालचा खास कायदा आहे. राज्याच्या महाधिवक्त्यांनी अर्ज करावा, उच्च न्यायालयाने त्या माणसाला त्रासदायक पक्षकार म्हणून जाहीर करावे, मग परवानगीशिवाय त्याला नवा दावा लावता येत नाही. अशा कायद्याचे मूळ मद्रासच्या १९४९ च्या कायद्यात आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली तो घटनेला धरून असल्याचे ठरवले. २००५ साली विधी आयोगाने आपल्या १९२ व्या अहवालात साऱ्या देशासाठी असा कायदा असावा अशी शिफारस केली. पण वाडीच्या बांधावरून भांडणाऱ्या माणसाने महाधिवक्त्यांच्या कार्यालयापर्यंत पोहोचायचे कसे? हा अर्ज जिल्हा न्यायालयातील सरकारी वकिलामार्फत आणि पीडित पक्षकाराच्या विनंतीवरून होऊ लागला, तरच त्या कायद्याचा आपल्याला उपयोग.

दिवाणी न्यायालयाचे झाले. महसुलाचे दार निराळे. हुकूमनामा हाती आल्यावर सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे जावे, तर हरलेला पक्ष फेरफाराला हरकत घेतो. मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी, मग प्रांतांकडे अपील, त्यावर दुसरे अपील, त्यावर पुनरीक्षण. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. म्हणजे मालकी जेथे ठरते तेथे हरलेला माणूस, मालकी जेथे ठरतच नाही तेथे वर्षानुवर्षे लढतो, आणि त्या काळात सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. त्या जुन्या नावावर खरेदीखते होतात. आमच्या तिसऱ्या दाव्याचा जन्म असाच झाला.

आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी? ती तर स्वतंत्र लढाई असते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरची माहिती मागवली तेव्हा आठ लाख ब्याऐंशी हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे आढळले. त्या प्रत्येकीच्या पाठीमागे जिंकलेला माणूस आहे, हे विसरू नये.

आता त्या गृहस्थांच्या बाजूचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे, कारण त्यांच्या मतात एक सच्चा धागा आहे. पहिला निकालच चुकीचा असेल तर? न्यायाधीशही माणसे आहेत. त्यासाठी अपील आहे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर दुसरे अपील आहे, चूक उघड असेल किंवा कसोशीने शोधूनही पूर्वी न मिळालेला पुरावा सापडला तर पुनर्विलोकन आहे, गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज आहे, उशिराला सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. 'नवा कागद सापडला' म्हणणाऱ्याचे दार हे आहे. शेजारच्या भिंतीला भगदाड पाडण्याची त्याला गरज नाही. निकालच कपटाने मिळवलेला असेल, खोटा कागद पुढे करून किंवा खरा कागद दडवून, तर तो कधीही आणि कोठेही निरर्थक ठरवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली एका वाटपाच्या प्रकरणात ठासून सांगितले. आणि प्राङ्न्याय आंधळाही नाही. बोरिवली तालुक्यातील पहाडी गावच्या एका भाडेपट्ट्याच्या जमिनीबाबत खालच्या न्यायालयाने भाडे कायदा लागूच नाही असे म्हणून अर्ज फेटाळला होता. पुढे कायद्याचा तो अर्थच चुकीचा असल्याचे ठरले. तेव्हा आपल्या अधिकाराविषयी न्यायालयाने केलेली निव्वळ कायद्याची चूक पक्षकारांना कायमची बांधत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली दिला. खऱ्या अन्यायाला वाट आहे. माझा आक्षेप आहे तो निकाल आवडला नाही, एवढ्याच कारणावर उभारलेल्या दाव्याला.

येथे एक गोष्ट विशेष काळजीने लिहितो, कारण माझ्या म्हणण्याचा दुरुपयोग आपल्याच घरांत होईल. भावाभावांत वाटपाचा दावा झाला, हुकूमनामा झाला, आणि बहिणींना पक्षकारच केले नाही, अशी उदाहरणे थोडी नाहीत. अशी बहीण वीस वर्षांनी आपला हिस्सा मागू लागली, की भाऊ 'कोर्टात निकाल लागलेला आहे' असे तोंडावर फेकतात. मुदतीचे व इतर प्रश्न ज्याचे त्याने पाहावेत, परंतु जिला कोणी ऐकलेच नाही तिच्यासाठी हा दुसरा दावा नाही, पहिलाच आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती बापाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा असतो. प्राङ्न्यायाची ढाल ज्याने लढून निकाल मिळवला त्याच्यासाठी आहे, बहिणीला अंधारात ठेवणाऱ्यासाठी नाही.

शुभवर्तमानातील त्या विधवेचा दाखला काही जण देतात, जी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जात राहिली. दाखला देणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नसावा. तिचा निकाल लागलेलाच नव्हता. न्यायाधीश तो द्यायला तयार नव्हता म्हणून ती जात होती. आज तिच्या जागी उभी आहे ती जिंकूनही कब्जा न मिळालेली म्हातारी, तिसरा दावा लावणारा पुतण्या नव्हे.

या पुतण्याला पैसा पुरवणारे कोण, हेही बोलले पाहिजे. दाव्यातील जमीन स्वस्त मिळते म्हणून ती घेणारे आपल्यातही आहेत. दावा जिंकावा असा त्यांचा हेतू नसतोच. खरा मालक थकून निम्म्या भावात सही करील, एवढी त्यांना वाट पाहायची असते. पुन्हा लावलेल्या दाव्याचे खरे बळ या थकव्यात आहे. ज्या घरात म्हातारा एकटा आहे, मुले परदेशी आहेत, तेथे तारखांना जाणार कोण? अशा घराला 'तडजोड करा' असा सल्ला देणारे मध्यस्थ लगेच येतात. तडजोड चांगली गोष्ट आहे, पण ती निकालाआधी. निकालानंतर जिंकलेल्याकडून तडजोड मागणे म्हणजे हरलेल्याला बक्षीस देणे होय. आपल्या धर्मग्रामातील जाणती माणसेही हा फरक करीत नाहीत, 'तुम्ही थोडे सोडा, त्याने थोडे सोडावे' म्हणतात. मला त्यांचा राग येतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

मागणी काय करावी? पहिली, जमिनीच्या प्रत्येक वादपत्रासोबत त्या सर्व्हे व हिस्सा नंबराबाबत पूर्वी झालेल्या सर्व दाव्यांची आणि महसुली प्रकरणांची यादी शपथेवर देणे सक्तीचे करावे, आणि ती दडवली असेल तर तेवढ्याच कारणाने दावा फेटाळावा. वादपत्रातच पूर्वीचा निकाल आला की तो दारात तपासण्यातील अडचणही बरीचशी सुटेल. दुसरी, न्यायालयांच्या नोंदी सर्व्हे नंबराने शोधता याव्यात. पक्षकाराच्या नावाने शोधून नवा खरेदीदार किंवा कुलमुखत्यार यांचा माग लागत नाही. तिसरी, कलम ३५-अ मधील तीन हजारांची मर्यादा शेतकऱ्याच्या आणि घरमालकाच्या दाव्यांतूनही काढावी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेच विधिमंडळाला सुचवले होते, की खोट्या खटल्यांनी ज्याला ओढले गेले त्याला सक्तीने खर्च मिळेल असा कायदा विचारात घ्यावा. वकिलांच्या संघटनांकडून मला फारशी आशा नाही, पण आपल्यातून निवडून जाणाऱ्या आमदारांकडे हे निवेदन का जाऊ नये?

तोवर ज्यांच्या बाजूने निकाल लागलेला आहे त्यांनी एक काम या महिन्यातच करावे. केवळ हुकूमनाम्याची नक्कल जपून भागत नाही. वादपत्र, कैफियत, न्यायालयाने काढलेले मुद्दे, निकालपत्र, अपिलांतील निकाल आणि नकाशा, या सर्वांच्या प्रमाणित नकला मागून घ्याव्यात. न्यायालयाच्या अभिलेख कक्षात दिवाणी कागद कायम राहत नाहीत, ठराविक मुदतीनंतर बरेचसे नष्ट केले जातात, आणि नेमके तेच कागद पुढच्या दाव्यात आपल्याला दाखवावे लागतात. १९८४ च्या निकालातील मुद्द्यांची नक्कल मिळवायला आम्हांला सात महिने लागले. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत ती नव्हती.